आत्या, मालिका आणि दुसऱ्याच्या दप्तरातली वही

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही कराडला राहतो. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, घरी यायला साडेसहा होतात. मुलगी पाचवीत आहे, मुलगा चार वर्षांचा, बालवाडीत जातो. सासूबाई आमच्याकडेच असतात, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. सासरे गेल्यावर गावचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या. दिवसभर मुलांचं सगळं त्याच बघतात, हे मी मान्य करते.

पण संध्याकाळी सात वाजले की आत्यांच्या मालिका सुरू होतात, त्या दहापर्यंत. मुलगी त्यांना टेकून सगळं बघते. अभ्यासही तिथेच, टीव्हीसमोर. धाकटा कार्टून लावल्याशिवाय घास घेत नाही आणि आजीशी "मुझे नहीं खाना" असं हिंदीत बोलतो. हे साडेनऊला येतात आणि मग चर्चेच्या बातम्या लावतात.

मागच्या महिन्यात शाळेतून बोलावणं आलं. माझ्या मुलीने एका मुलीची वही गुपचूप काढून दुसऱ्या मुलीच्या दप्तरात ठेवली आणि बाईंना सांगितलं, "तिनेच चोरली, मी बघितलं." जिच्या दप्तरात वही ठेवली ती यंदाच वर्गात आली आहे आणि माझ्या मुलीची जुनी मैत्रीण आता तिच्याशेजारी बसते. हा प्रकार हुबेहूब मालिकेतला आहे. मी घरी येऊन खूप ओरडले. आत्या म्हणाल्या, "मालिकेत शेवटी वाईट बाईला शिक्षाच होते की, चांगलंच शिकवतात." मार्कही घसरलेत, बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं.

मी ठरवलं आहे, डिशचा रिचार्जच करायचा नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यात भोंगा वाजवून टीव्ही बंद करणारं गाव आहे, मग आमच्या घरात का नको? आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. यांचं म्हणणं, नवा मोठा टीव्ही घेऊ आणि जुना आत्यांच्या खोलीत लावू, म्हणजे प्रश्न मिटेल. तुम्हाला काय वाटतं?

— एक आई, कराड

ताईंचं उत्तर

प्रिय मैत्रिणी,

रिचार्जचं नंतर बघू. आधी त्या मुलीकडे जाऊ, जिच्या दप्तरात वही सापडली. तुमच्या पत्रात शाळेचं बोलावणं आहे, तुमचं ओरडणं आहे, आत्यांचं उत्तर आहे, पण त्या मुलीचं पुढे काय झालं ते नाही. नव्या शाळेत, नव्या वर्गात, सगळ्यांसमोर तिला चोर ठरवलं गेलं. तुमच्या लेकीने तिची माफी मागितली का? मागितली असेल तर वर्गासमोर का एकटीला गाठून? आरोप वर्गासमोर झाला होता, तेव्हा माफीही वर्गासमोरच हवी. मागितली नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम तेच. बाईंशी बोलून दिवस ठरवा. लेकीला वाक्यं पाठ करून देऊ नका, अडखळत का होईना, तिची तिला बोलू द्या. तुम्ही दाराबाहेर थांबा.

आता मालिकेबद्दल. युक्ती तिथूनच आली, यात मलाही शंका नाही. दुसऱ्याच्या कपाटात दागिने ठेवायचे, पर्समध्ये औषधाची बाटली सरकवायची आणि मग सगळं घर हॉलमध्ये गोळा करायचं, हे आपल्या मालिकांमध्ये इतक्यांदा येतं की लिहिणाऱ्यांनाही आता त्याचा कंटाळा येत असेल. मुलं बघून शिकतात हे काही गुपित नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 मध्ये बालवाडीतल्या मुलांसमोर मोठ्या माणसाला एका फुगवलेल्या बाहुलीला बडवायला लावलं. पुढे खेळायला सोडल्यावर बऱ्याच मुलांनी तेच केलं, अगदी तेच शब्द उच्चारत. दोन वर्षांनी त्यांनी तोच प्रसंग पडद्यावर दाखवून बघितला, तरीही मुलांनी नक्कल केलीच.

तुमच्या आत्यांच्या मुद्द्याचं उत्तर मात्र बांडुरांच्या 1965 च्या प्रयोगात आहे. या वेळी काही मुलांना मारणाऱ्याचं कौतुक होताना दाखवलं, काहींना त्याला शिक्षा होताना, आणि काहींना नुसतंच मारणं, पुढे काहीच नाही. शिक्षा बघितलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथपर्यंत आत्या बरोबर. पण मग मुलांना सांगितलं, त्याने काय काय केलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकायचं ते सगळ्यांनीच शिकून घेतलं होतं, फक्त शिक्षा बघितलेल्यांनी ते मनात ठेवलं होतं. आणि ती शिक्षाही मुलांनी लगेच, डोळ्यांदेखत बघितली होती. आपल्या मालिकेत कारस्थान सोमवारी होतं आणि शिक्षा कधी होते? वर्ष-दीड वर्षानी, मालिका बंद करायची ठरली की. तोवर ती बाई रोज रात्री जिंकत असते, साडीही सगळ्यांत भारी तिचीच असते. दहा वर्षांच्या मुलीने त्यातून काय घ्यावं अशी आपली अपेक्षा आहे?

तरीही एक प्रश्न उरतोच. त्याच वर्गातल्या बाकीच्या मुली त्याच वाहिन्या, त्याच मालिका बघतात. त्यांनी कुणाच्या दप्तरात वही ठेवली नाही. शिकलेली गोष्ट बाहेर काढायची वेळ तुमच्या लेकीवर का आली? तुम्ही स्वतःच लिहून गेला आहात, ओझरतं: जुनी मैत्रीण यंदा नव्या मुलीशेजारी बसते. मला विचाराल तर सगळं पत्र त्या एका ओळीत आहे. पाचवीतल्या मुलीच्या आयुष्यात यापेक्षा मोठा भूकंप नसतो. तिने घरी कुणाला सांगितलं असतं? तुम्ही साडेसहाला येता आणि स्वयंपाकाला लागता. सातला टीव्ही सुरू होतो. साडेनऊला वडील येतात आणि मग त्यांच्या चर्चेच्या बातम्या सुरू होतात. मी दोष देत नाही, नोकरी करणाऱ्या घरांत हेच होतं. पण तिला आपलं दुःख घेऊन बसायला जागा नव्हती, आणि अशा दुःखाचं काय करायचं हे तिला फक्त एकीने रोज रात्री दाखवलं होतं, ती म्हणजे मालिकेतली बाई. तेव्हा माफी झाल्यावर, दोन दिवस जाऊ द्या आणि तिला मैत्रिणीबद्दल विचारा. वहीबद्दल नाही, मैत्रिणीबद्दल.

हे मी एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण टीव्ही चांगला की वाईट हा वाद मला आता कंटाळवाणा वाटतो. त्याऐवजी मी एकच गोष्ट बघते: या घरात टीव्ही कशाच्या जागेवर येऊन बसला आहे? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक गाव होतं. डोंगरांच्या मध्ये असल्यामुळे 1973 पर्यंत तिथे टीव्हीचे संदेश पोचतच नव्हते, बाकी गाव इतरांसारखंच. अभ्यासकांनी त्याला टोपणनाव दिलं, नोटेल. टीव्ही यायच्या आधी आणि आल्यावर दोन वर्षांनी त्यांनी तिथली मुलं तपासली, टीव्ही असलेल्या तशाच दोन गावांशी ताडून बघितली. आधी नोटेलची मुलं नव्या कल्पना सुचण्यात पुढे होती, लहान वर्गातली मुलं वाचतही जास्त सफाईने होती. दोन वर्षांत हा फरक गेला. मारामाऱ्या आणि शिव्या वाढल्या. आणि गावातल्या खेळांना, कार्यक्रमांना येणारी माणसं कमी झाली. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टीव्हीने मुलांच्या डोक्यात काही घातलं असेल-नसेल, त्यांच्या संध्याकाळीतून मात्र बरंच काही काढून नेलं.

आता याच्या उलट ऐका, म्हणजे तुम्ही मला टीव्हीची शत्रू समजणार नाही. अमेरिकेत टीव्ही साधारण 1948 ते 1954 या काळात एकेका शहरात पुढेमागे पोचला. दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा फायदा घेतला आणि ज्या शहरांत मुलांना शाळेआधीपासून टीव्ही मिळाला तिथल्या मुलांचे 1965 च्या शालेय चाचण्यांमधले गुण तपासले. गुण घसरलेले नव्हतेच, थोडे वरच होते. आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो घरी इंग्रजी न बोलणाऱ्या, आई फारशी न शिकलेल्या मुलांना. कारण त्यांच्या घरात टीव्हीच्या जागी दुसरं काही नव्हतंच. तिथे त्याने नवे शब्द आणले, बाहेरचं जग आणलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही, कारण ते मालिकांच्या बाजूचं आहे. 2001 ते 2003 या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्लीतल्या घरांमध्ये अभ्यासकांनी वरचेवर जाऊन बायकांशी बोलून माहिती घेतली. ज्या गावांत मधल्या काळात केबल आली तिथे नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा म्हणणाऱ्याही कमी झाल्या. घरात आपलं मत चालतं असं सांगणाऱ्या वाढल्या. केबलवर तेव्हा काय चालायचं? सासू-सुनाच! ज्या मालिकांना आपण शहरात बसून नाकं मुरडत होतो, त्यात बायका एकट्या घराबाहेर पडत होत्या, पैशांबद्दल बोलत होत्या, नवऱ्याला उलट उत्तर देत होत्या. ज्या उंबऱ्याआत हे कधी दिसलंच नव्हतं तिथे ते दिसलं. मला स्वतःला त्या मालिका सहन होत नाहीत. एका थोबाडीत तीन-तीन वेळा कॅमेरा फिरतो, त्यात दुधाचं पातेलं उतू जातं. पण माझी नावड म्हणजे पुरावा नव्हे.

म्हणून आता तुमच्या घरातल्या तिघांचं वेगवेगळं बघू. खरं तर चौघांचं.

धाकट्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तातडी त्याची आहे, आणि तुम्ही त्याला दीड ओळीत उरकलं आहे. त्याच्या हिंदीची काळजी करू नका. पोरं हिंदी बोलतील, विसरतील, पुन्हा शिकतील. काळजी याची करा की तो ज्यांच्याकडून भाषा शिकतो आहे ते त्याला उत्तर देत नाहीत. लहान मूल "चिऊ कुठे गेली?" म्हणतं, आजी म्हणते, "भुर्र गेली, आणि तिचं पिल्लू?" या देवाणघेवाणीतून बोलणं वाढतं. कार्टून फक्त देत राहतं. त्यात ही डब केलेली कार्टून फार वेगवान असतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या मुलांना फक्त 9 मिनिटं असं भरधाव कार्टून दाखवलं. लगेच नंतर लक्ष देण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या साध्या चाचण्या घेतल्या. तेवढाच वेळ चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा ती मागे पडली. हा परिणाम किती टिकतो हा वेगळा भाग, पण तुमच्याकडे तर नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण असं दिवसातून तीनदा होतं आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2021 मध्ये दिलेला सल्ला साधा आहे. दोन वर्षांखाली पडदा नाही, घरच्यांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. जेवताना नाही, झोपायच्या आधी तासभर नाही. तेव्हा ताटासमोरचं कार्टून उद्यापासून बंद. हळूहळू नाही, एकदम. दोन-चार दिवस तो कमी जेवेल, रडेल, ताट लोटेल. लोटू द्या. भूक लागली की खाईल. पोट भरल्याचं कळायलाही खाण्याकडे लक्ष लागतं, पडद्याकडे तोंड करून भरवलेल्या मुलाला ते कळतच नाही. मात्र त्याचं वजन आधीपासूनच कमी असेल तर सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि त्याला एकट्याला भरवू नका. सगळ्यांबरोबर खाली पाटावर बसवा, भाकरीचे तुकडे त्याच्याच हाताने खाऊ द्या, सांडलं तर सांडलं.

धाकट्याची आणखी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही पण बहुतेक घरांत असते. दुपारी मालिकांचे पुनःप्रसारित भाग लागतात, मूल त्याच खोलीत खेळत असतं, "तो कुठे बघतोय" असं आपण म्हणतो. तो बघत नसला तरी फरक पडतो. एक ते तीन वर्षांच्या मुलांवर असे अभ्यास झाले आहेत. मागे मोठ्यांचा कार्यक्रम चालू असला की मुलं एका खेळण्यात रमत नाहीत, अर्धवट सोडून दुसरं उचलतात. आणि शेजारी बसलेली आई त्यांच्याशी बोलणं कमी करते. तुमचा मुलगा चारचा आहे, पण घर तेच. आत्यांना एवढंच सांगा की पुन्हा लागणारा भाग तो बालवाडीत असताना किंवा झोपलेला असताना बघा.

आता लेक. मार्क घसरले, वर्गात लक्ष नाही. यात मला संस्कार-बिंस्कार काही दिसत नाही, झोप दिसते. मालिका दहापर्यंत, मग वडिलांची चर्चा, म्हणजे अंथरुणाला पाठ टेकायला पावणेअकरा. सकाळची शाळा असेल तर पावणेसहाला उठवत असाल. झाली सात तास झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागते. महिनोन्‌महिने दोन तास कमी झोपणाऱ्या माणसाला तुम्ही पतसंस्थेच्या काउंटरवर बसवाल का? तेव्हा दिवे नऊला मालवायचे. त्यामुळे आपोआपच तिच्या दोन मालिका सुटतील आणि चर्चाही. चर्चेबद्दल तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. मालिकेतली भांडणं निदान खोटी असतात हे मुलीला माहीत आहे. सहा चौकटींमधून सहा मोठे पुरुष एकमेकांवर ओरडत आहेत आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही, हे मात्र खरं आहे असं तिला वाटतं. जॉर्ज गर्बनर हे अमेरिकन अभ्यासक वर्षानुवर्षं हेच सांगत आले की खूप टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं आणि दुष्ट वाटू लागतं. मूल्यांचा प्रश्न संध्याकाळी सातला मालिकांबरोबर सुरू होऊन दहाला संपतो, असं नाही.

अभ्यास हॉलमधून स्वयंपाकघरात हलवा. तुम्ही भाकऱ्या थापत असताना तिने खाली बसून धडा मोठ्याने वाचायचा. कळलं नाही तिथे तुम्ही थांबवायचं. पहिले काही दिवस ती वैतागेल. पण मैत्रिणीची गोष्ट निघाली तर ती इथेच निघेल, समोर बसवून "सांग बघू" म्हटल्यावर नाही. आईची पाठ वळलेली असली की मुलं जास्त बोलतात.

एक मालिका तिला ठेवा. हो, ठेवा. आठची असो की साडेसातची, एक अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तुम्हीही तिथे बसायचं. भाजी निवडायला घ्या हवं तर. मोठं माणूस शेजारी गप्प बसून बघत असलं की मुलांना वाटतं, याला हे मान्य आहे. बोललं की फरक पडतो. पण प्रवचन नको, आत्यांचाही अपमान नको. साधं विचारायचं, "ही बाई झोपतानासुद्धा नेकलेस घालते होय?" "हिला दिवसभर कारस्थान करायला वेळ कसा मिळतो, धुणंभांडी कोण करतं?" आत्याच सगळ्यांत आधी हसतील, बघा. मग एखाद्या दिवशी, "हिने पहिल्याच दिवशी जावेला सरळ जाऊन विचारलं असतं तर?" एवढं म्हणून सोडून द्यायचं. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.

आणि टीव्हीकडून अभ्यासाला काही घ्यायचंच असेल तर अक्षरं घ्या. 1990 च्या दशकात अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी एक बिनखर्चिक कल्पना मांडली: टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी गाण्यांचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवायचे. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार' आणि 'रंगोली'वर ते आलं. गाणं ओठांवर असतंच, डोळा आपोआप अक्षरांवरून फिरतो, आणि जेमतेम वाचता येणाऱ्या लाखोंना यातून वाचनाचा सराव मिळाला. तुमची मुलगी मराठी वाचताना अडखळत असेल तर शब्दांसह मराठी गाणी लावा, भाऊही बसू दे शेजारी. आपल्या राज्याकडे खरं तर पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी होती, 1984 पासून. 2017 मध्ये ती बंद केली आणि तीन वर्षांनी, करोनात शाळांना कुलपं लागल्यावर, पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सह्याद्रीवर आणावी लागली. आपल्या या धोरणावर मी स्वतंत्र लिहीन, इथे नको.

आता आत्या. तुमचं पत्र वाचताना मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त वाटलं. नवरा गेला, गावचं घर बंद झालं, ओटा, शेजारणी, देवळातलं भजन, सगळं सुटलं. सकाळपासून चार वर्षांच्या पोरामागे धावतात. त्यांच्या संध्याकाळीतून टीव्हीने काहीच काढून नेलेलं नाही, त्यांची संध्याकाळ आधीच रिकामी झाली होती. त्या मालिकेतल्या बायका म्हणजे आज त्यांचा शेजार आहे. तुम्ही रिचार्ज बंद केलात तर मुलीला फारसं काही होणार नाही, ती तुमच्या मोबाइलवर तेच भाग एकटी बघेल, आणि ते जास्त वाईट. शिक्षा होईल ती आत्यांना. ज्या बाईच्या जिवावर तुम्ही निर्धास्त कामाला जाता तिला तुम्ही तिच्या एकमेव विरंगुळ्याबद्दल, मुलांदेखत गुन्हेगार ठरवलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, दोनच दिवस.

शेजारच्या तालुक्यातलं तुम्ही म्हणता ते मोहित्यांचे वडगाव. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि टीव्ही-मोबाइल बंद होतात. पण नीट बघा, साडेआठला पुन्हा भोंगा होतो आणि टीव्ही पुन्हा लागतो. दीड तास फक्त. कुणी टीव्ही विकले नाहीत. आणि तो सगळ्या घरांत, सगळ्यांसाठी बंद होतो. करोनानंतर मुलांचं वर्गात लक्ष लागत नाही अशी शिक्षकांची तक्रार होती, त्यातून ग्रामसभेत बोलून हे ठरलं. म्हणजे भोंग्याआधी बैठक झाली. तुमच्या घरात बैठक झालेली नाही, थेट भोंगा वाजला आहे.

ती बैठक येत्या रविवारी घ्या. मुलं झोपल्यावर, तुम्ही तिघं. तुमच्या यजमानांनी बोलायचं, कारण आई त्यांची आहे आणि आजवर ते या भानगडीत नव्या टीव्हीच्या किमती बघण्यापलीकडे काही करत नाहीत असं दिसतं. आत्यांना नियम सांगू नका, अडचण सांगा. पोरगी सात तास झोपते, पोरगा जेवत नाही, काय करू या? त्यांनी स्वतः मुलं वाढवली आहेत. मला खात्री आहे की कोणत्या दोन मालिका सोडायच्या ते त्याच सांगतील, आणि सुटलेला भाग दुसऱ्या दिवशी धाकटा बालवाडीत गेल्यावर लागतोच. त्यांना जवळपास एखादं भजनी मंडळ, बायकांचा कट्टा काही आहे का, ते शोधायचं काम मात्र तुमचं. गुडघे दुखत असतील तर रिक्षाने सोडा. डिशच्या रिचार्जचे जे पैसे वाचवणार होता, तेवढे इथे खर्च करा.

राहिला जुना टीव्ही आत्यांच्या खोलीत लावायचा बेत. वरवर शहाणपणाचा वाटतो, भांडण मिटतं, हॉल मोकळा होतो. पण मुलगी आजीला टेकून टीव्ही बघते असं तुम्हीच लिहिलं आहे. ती आजीला टेकायला आत जाणारच. आज निदान तो टीव्ही येता-जाता तुमच्या कानावर पडतो, तुम्ही मध्ये काही बोलू शकता. उद्या दार लोटलेल्या खोलीत दोघींनी काय बघितलं ते तुम्हाला शाळेतून कळेल. आणि आत्यांना काय वाटेल? घरातल्या माणसांनी हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला आणि जुन्यासकट आपल्याला आतल्या खोलीत सरकवलं. त्या स्वतःहून मागत असतील तर गोष्ट वेगळी, मग जरूर द्या. नाहीतर नवा घ्यायचा तर घ्या, जुना देऊन टाका, आणि बालवाडीच्या पोराच्या खोलीत तर मुळीच लावू नका. यजमान हाच पुढचा तोडगा सुचवतील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुमची,
ताई